ड्रायरचा प्लग दर पावसाळ्यात जळतो : तिसरं सॉकेट आणण्याआधी

जून संपत आला की माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येऊ लागते. "कपडे वाळवायचा ड्रायर लावला की वीस-पंचवीस मिनिटांत जळका वास येतो, प्लगला हात लाववत नाही, आणि सॉकेट तर मागच्याच महिन्यात बदललंय." सोबत फोटो असतो. पांढऱ्या प्लेटवर एका भोकाभोवती तपकिरी कडं, आणि प्लगच्या त्याच बाजूच्या पिनेच्या मुळाशी ओघळलेलं प्लास्टिक. मी बडोद्यात २६ वर्षं वायरिंगची कामं करतो. हा फोटो मला आता पाठ झालाय.

तुमच्याकडे हे पहिल्यांदाच झालं असेल, तर आयएसआय खुणेचं चांगलं १६ अँपिअरचं सॉकेट आणि नवा प्लग, दोन्ही एकदम बदला आणि महिनाभर लक्ष ठेवा. जळालेला प्लग नव्या सॉकेटात खुपसला तर त्याच्या काळवंडलेल्या पिना नवं सॉकेटही खराब करतात. जोडीतलं एकच बदलणं ही मला दिसणारी सगळ्यात नेहमीची चूक आहे. पण दुसऱ्यांदा जळलं असेल, तर मी सॉकेट आणायला दुकानात जातच नाही. आधी डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारी स्विचांची पेटी, उघडतो.

"याच सॉकेटवर गीझर चालतो की!"

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरी गेल्या वर्षी काकूंनी मला हेच ऐकवलं. "अहो भाऊ, बारा वर्षं याच सॉकेटवर गीझर चालला, कधी वास आला नाही. मशीनच खराब दिलंय त्यांनी." घरात काका अंथरुणाला खिळलेले. रोज दोन-तीन चादरी, टॉवेल, कपडे. श्रावणातल्या हवेत चादर दोन दिवस दोरीवर राहिली तरी कुबट वास जात नाही, आणि ओलसर चादरीवर माणसाला झोपवलं तर पाठीला जखमा होतात. म्हणून मुलानं ड्रायर घेतला होता. त्या घरात ड्रायर बंद पडणं ही साधी गैरसोय नव्हती, म्हणून मी त्या कामाला तीन फेऱ्या घातल्या.

काकूंचा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. हीटर असलेला घरगुती ड्रायर २२०० ते २५०० वॅटचा असतो, म्हणजे साडेनऊ ते अकरा अँपिअर. फरक फार मोठा नाही. खरा फरक वेळेचा आहे. गीझर दहा-पंधरा मिनिटांत पाणी तापवतो आणि थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. ड्रायर भरलेल्या चादरींना तास, सव्वा तास घेतो, आणि त्यातला बराचसा वेळ हीटर चालूच असतो. ढिला सांधा दहा मिनिटं तापून निवला तर वर्षानुवर्षं निभावतो. ड्रायर त्याला निवायला वेळच देत नाही.

सांध्यात किती उष्णता तयार होते याचा हिशोब सोपा आहे : करंटचा वर्ग गुणिले सांध्याचा रोध. १० अँपिअर आणि फक्त ०.२ ओहम, तरी २० वॅट झाले. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. जवळपास तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या प्लगच्या आत, तासभर. त्या तापानं पितळेच्या पट्टीची पकड ढिली होते, पृष्ठभाग काळा पडतो, रोध वाढतो, आणि पुढच्या धुलाईला तो आणखी तापतो. म्हणून पहिल्या दिवशी काहीच होत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात वास येतो.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. "एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक असणार" असं लोक म्हणतात. एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या डीबीतल्या स्विचला, करंट कळतो, सॉकेटचं तापणं कळत नाही. ढिल्या सांध्यामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. प्लग वितळून खाली गळेपर्यंत एमसीबी शांत बसू शकतो.

आधी कुठे तापतंय ते शोधा

एक भरलेली धुलाई लावा आणि पाऊण तासानं तपासा. घरात कोणी सोबत असू द्या, आणि वास आला तर लगेच थांबवा. आधी मशीन बंद, मग स्विच बंद, मग प्लग काढायचा. पिनांना बोटं लावू नका. प्लगच्या पाठीवर आणि केबलवर हात ठेवून बघा. कोमट असणं चालतं. पाच सेकंद हात ठेवता आला नाही, तर ड्रायर त्या सॉकेटवर पुन्हा लावायचा नाही. करोनाच्या दिवसांतली कपाळाची तापबंदूक बऱ्याच घरांत पडून आहे. तिच्यात वस्तूचं तापमान मोजण्याची सोय असेल तरच ती इथे उपयोगी. नुसत्या अंगाच्या तापाची असेल तर ती इथे काही सांगत नाही.

एकच पिन तापत असेल (पिनेच्या मुळाशी उठलेल्या तपकिरी खुणेवरून हे कळतं) तर त्या बाजूची पकड किंवा त्या बाजूचा स्क्रू ढिला आहे. दोन्ही पिना सारख्याच तापत असतील तर सॉकेटच कमजोर किंवा चुकीच्या मापाचं. प्लग थंड आणि केबल मात्र सगळ्या लांबीभर गरम असेल, तर केबल बारीक आहे. कोणीतरी जळका प्लग कापून टाकताना मधेच ०.७५ एमएमची (म्हणजे तेवढ्या चौरस मिलिमीटर छेदाची) वायर जोडलेली मी पाहिली आहे. या कामाला तीन तारांची १.५ एमएमची केबल हवी. आणि प्लग, केबल दोन्ही थंड असूनही एमसीबी पडत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. ती पुढे येईल.

आपल्या दुकानांत अजूनही "पाच अँपिअर" आणि "पंधरा अँपिअर" असंच बोलतात, मालावर मात्र ६ आणि १६ छापलेलं असतं. ड्रायरला जाड पिनांचं १६ चंच लागतं. जाड पिनेचा प्लग बारीक भोकात बसावा म्हणून मिळणारा तो चौकोनी कन्व्हर्टर ड्रायरसाठी कधीच वापरू नका. त्यात एकाऐवजी दोन ठिकाणी पकड येते, आणि मागचं सॉकेट, त्याचा स्विच, त्याची वायर सगळं सहा अँपिअरचंच राहतं. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच, आणि त्याची वायर गुंडाळून कपाटामागे टाकलेली असेल तर अधिकच वाईट, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. जाड आणि बारीक दोन्ही पिना घेणाऱ्या सॉकेटांबद्दल माझं मत असं आहे, की मोबाइलचा चार्जर आणि ड्रायर आलटून पालटून एकाच भोकात लावू नयेत. ड्रायरचं सॉकेट ड्रायरचंच असू द्यावं.

स्विचही बघा. १६ च्या सॉकेटशेजारी ६ चा स्विच बसवलेले बोर्ड मला दर महिन्याला भेटतात. स्विच तापला की त्याची उष्णता तारेतून सॉकेटपर्यंत येते आणि दोष सॉकेटवर जातो.

आता स्क्रूच्या आत काय असतं ते सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. बारीक धाग्यांची तांब्याची वायर सोलताना सात-आठ धागे कापले जातात, उरलेले स्क्रूखाली पसरतात, आणि स्क्रू तीन-चार धाग्यांवरच बसतो. वायर ओढून बघितली तर घट्ट वाटते. यावर उपाय थिंबलचा, म्हणजे वायरच्या टोकावर बसवायच्या धातूच्या टोपीचा : वायरच्या मापाची थिंबल, तिच्या पकडीनंच दाबलेली, आणि मग स्क्रू. काही जण टोकाला कथील लावतात. ते करू नका. दाबाखाली कथील हळूहळू सरकतं आणि चार महिन्यांत स्क्रू पुन्हा ढिला होतो. प्लगमध्ये हिरवी-पिवळी तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे केबलला हिसका बसला तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल. अर्थची पिन लांब आणि जाड केलेली असते तीही याचसाठी : घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी.

भिंतीतला सांधा

काकूंच्या घरी हे सगळं ठीक होतं. प्लग नवा, सॉकेट नवं, स्विच १६ चा, थिंबल मी स्वतः दाबलेली. तरी महिन्याभरात वास आलाच. मला स्वतःच्या कामावर शंका आली, आणि दुसऱ्या फेरीत मी जे करायला हवं होतं ते तिसऱ्या फेरीत केलं : लोड चालू असताना व्होल्टेज मोजलं.

ही मोजणी प्रत्येक वायरमननं करावी असं मला मनापासून वाटतं. मशीन तापत असताना डीबीवरचं व्होल्टेज बघायचं आणि त्याच वेळी सॉकेटवरचं. नुसतं सॉकेटवरचं बघून उपयोग नाही, कारण संध्याकाळी खांबावरूनच कमी येत असेल तर तुम्ही भिंतीला दोष द्याल. २.५ एमएम तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. डीबीपासून सॉकेट १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर तार, म्हणजे सुमारे ०.२२ ओहम. १० अँपिअरला सव्वादोन व्होल्ट पडतील. तीन व्होल्टही समजू शकतो. त्या घरी डीबीवर २२६ होते आणि सॉकेटवर २१७. नऊ व्होल्टांतले तीन तारेचे धरले, तरी सहा व्होल्ट कुठेतरी गायब होते. मशीन ९ अँपिअर घेत होतं. ५४ वॅट, सोल्डरिंगच्या दोन इस्त्र्या, त्या भिंतीत कुठेतरी चालू होत्या.

घर जुनं, लाकडी तुळयांचं. वायरिंग कधीकाळी लाकडी पट्टीतलं, नंतर अर्धं बदललेलं. मधल्या खोलीत सागवानी कपाटामागे एक बुजवलेली पेटी सापडली. आत जुनी अॅल्युमिनियमची तार आणि नवी तांब्याची तार एकमेकींना पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला. टेप कडक होऊन बिस्किटासारखा तुटला. पेटीमागचं लाकूड काळं झालं होतं.

तांबं आणि अॅल्युमिनियम थेट पिळून जोडायचे नसतात. अॅल्युमिनियमवर हवेनं एक पातळ थर चढतो, त्यातून वीज नीट जात नाही. दोन्ही धातू तापून कमी-जास्त फुगतात, अॅल्युमिनियम दाबाखाली दबत जातं, आणि पावसाळ्यातली ओल लागली की सांधा झिजू लागतो. प्रकाशाच्या दोन बल्बांना तो सांधा ३० वर्षं पुरला असता. ड्रायरला एक पावसाळाही पुरला नाही. आणि जो सांधा सॉकेटपासून वीस फुटांवर कपाटामागे तापत होता, त्याचा वास मात्र पट्टीतून सॉकेटपाशी येत होता, म्हणून प्रत्येक जण सॉकेटच बदलत होता. मीसुद्धा.

एमसीबी पडतो, पण दरवेळी नाही

या तक्रारीची दोन कारणं मला वारंवार सापडतात. पहिलं, कपडे धुण्याचं मशीन आणि ड्रायर एकमेकांवर रचलेले आणि दोन्ही एकाच लाइनवर. धुण्याच्या मशीनचा हीटर सुमारे २००० वॅटचा, ड्रायर २२०० चा. दोन्ही हीटर एकत्र लागले तर १८ अँपिअरच्या वर. १६ चा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही, तो तासभरही धरून ठेवू शकतो. थंड पाण्यात धुतलं तर पडत नाही, गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला तर कधीतरी पडतो, आणि माणूस चक्रावतो. दुसरं कारण, एमसीबीचाच स्क्रू ढिला असणं. आतली पट्टी तापून वाकली की एमसीबी पडतो. ती करंटनं तापावी अशी अपेक्षा असते, पण ढिल्या स्क्रूच्या उष्णतेनंही ती तापते. मग दहा अँपिअरलाच १६ चा एमसीबी पडतो.

दोन्हीचा उपाय ३२ चा एमसीबी हा नाही. एमसीबी भिंतीतल्या तारेला सांभाळायला असतो. २.५ एमएम तारेवर ३२ चा बसवला, तर तार तापेल तेव्हा तिला सोडवणारं कोणी उरत नाही. मला हे करायला सांगणारं गिऱ्हाईक मी सोडून देतो.

आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा डबा, पडत असेल तर मात्र शोध पूर्ण वेगळा. ड्रायर प्लगमधून काढूनही पडतो का? मग घरातच कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ जुळलेले आहेत किंवा गळती आहे. थंड हवेच्या प्रोग्रॅमवर चालतो आणि तापायला लागताच पडतो? मग हीटर गळतोय. आठ महिने न वापरलेल्या मशीनमध्ये हीटरच्या नळीतली भुकटी ओल धरते. कंपनीच्या माणसाला बोलवा, आणि आरसीसीबी काढून थेट जोडून देतो असं म्हणणाऱ्याला दाराबाहेर पाठवा. ओल्या कपड्यांचं मशीन, ओले हात, ओली फरशी. ३० मिलिअँपिअरचा तो डबा जीव वाचवायला बसवलेला असतो.

अर्थबद्दल एक मोजणी तेवढी लक्षात ठेवा. मशीन चालू असताना सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. अगदी शून्य दिसलं, तर कोणीतरी सॉकेटच्या आत न्यूट्रललाच अर्थची तार जोडून टाकलेली असण्याची शक्यता मोठी. जुन्या पोळांतल्या, म्हणजे दाटीवाटीच्या गल्ल्यांतल्या, घरांत अर्थचा खड्डाच नसतो, म्हणून हा जुगाड होतो. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी ड्रायरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील. नळाच्या पाइपाला अर्थ बांधणंही आता निरर्थक आहे, अर्ध्या रस्त्यात पाइप प्लास्टिकचा झालेला असतो.

अमेरिकन केबल आणि अमेरिकन व्हिडिओ

बडोद्यात जवळपास प्रत्येक गल्लीतलं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे, म्हणून हे लिहावंच लागतं. तिथे ड्रायर विकत घेतला तर बहुधा केबल वेगळी घ्यावी लागते, कारण घरात तीन पिनांचं ३० अँपिअरचं सॉकेट आहे की चार पिनांचं, हे विकणाऱ्याला माहीत नसतं. जुन्या तीन पिनांत दोन "गरम" तारा (आपल्या फेजसारख्या, वीज आणणाऱ्या) आणि एक न्यूट्रल, आणि मशीनचा पत्रा न्यूट्रललाच जोडलेला. १९९६ पासून तिथल्या नियमानं नव्या जोडणीला चार तारा लागतात, आणि चार पिनांची केबल लावताना न्यूट्रल आणि पत्रा यांच्यातली पट्टी काढावी लागते. तिकडच्या मुलांना हे नक्की सांगा, कारण घर बदललं की ही पट्टी विसरली जाते.

पण तोच व्हिडिओ बघून इथल्या मशीनची पाठ उघडू नका. मांजलपूरच्या एका घरी जावयांनी इथल्याच ड्रायरमध्ये न्यूट्रल आणि पत्रा जोडला होता, "व्हिडिओत तसंच दाखवलंय" म्हणून. आपल्याकडे एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ, आणि मशीनच्या आत न्यूट्रल-अर्थ कधीही जोडायचे नाहीत. आणि सामानाबरोबर आलेला अमेरिकन ड्रायर इथे कुठल्याही केबलनं चालत नाही. त्याच्या हीटरला दोन गरम तारांमधले २४० व्होल्ट लागतात, मोटरला मात्र १२०, आणि तेही ६० हर्ट्झवर. आपल्याकडे २३० आणि ५०. अशी दोन मशीनं मी जोडायला नकार दिला आहे.

नवी लाइन टाकताना

डीबीपासून थेट स्वतंत्र लाइन, मधे एकही सांधा नाही. २.५ एमएम पुरते. अंतर १५ मीटरच्या पुढे असेल तर मी ४ एमएम टाकतो. स्वतःचा १६ चा एमसीबी. सॉकेट मशीनच्या मागे लपवू नका, हात पोचेल अशा जागी आणि नळापासून लांब ठेवा. उंची चार फूट. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर मी दीड फुटावरचं एकही पॉवर सॉकेट बसवलेलं नाही. ज्या सॉकेटात पुराचं पाणी गेलं होतं ते आता कोरडं दिसत असलं, तरी काढून टाका. आत बसलेला गाळ आणि पितळेवर चढलेला हिरवा थर ड्रायर लावल्यावरच त्रास देतो.

घेण्याआधी मशीनच्या मागच्या पट्टीवरचे वॅट वाचा. हीट पंपाचा ड्रायर साधारण हजार वॅटच्या आत चालतो. त्याचाही प्लग तापत असेल तर सांधा फारच वाईट आहे असं समजा. आणि दर धुलाईनंतर जाळीतला कापसाचा थर काढा. जाळी तुंबली की सव्वा तासाचं काम दोन तासांवर जातं, आणि तेवढा वेळ प्लग जास्त सोसतो.

काकूंच्या घरी आम्ही मधल्या खोलीतला तो सगळा रस्ताच सोडून दिला. जिन्याच्या बाजूनं पीव्हीसी पाइपातून ४ एमएमची नवी लाइन आणली, अंगणात अर्थचा खड्डा केला, कपाटामागची पेटी रिकामी करून उघडीच ठेवली. पहिल्या धुलाईच्या वेळी मी मीटर लावून तिथेच बसलो. डीबीवर २२७, सॉकेटवर २२५. एक तास दहा मिनिटांनी काकूंनी स्वतः प्लगवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग आतून काकांची चादर आणली आणि दुसरी धुलाई लावली.